मान जराशी उजवीकडे

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, शेजाऱ्यांच्या वावरात कांद्याची लागण सुरू झाली, आणि परवा सकाळी गच्चीवर टाकीच्या नळाला हात लावला तर बोटं बधिर झाली. म्हटलं, आली एकदाची. नाशिकची थंडी पाहुण्यासारखी निरोप धाडून येत नाही. घरच्या माणसासारखी कडी न वाजवता आत येते आणि थेट चुलीजवळ जाऊन बसते.

थंडी आली की मी ट्रंक उघडतो. काळी, लोखंडी, झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव आणि नावाच्या आधी ‘हवालदार’. झाकण उचललं की डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरतो आणि त्याच्या मागोमाग दुसरे वास येतात, जे ट्रंकेत नाहीतच. बंदुकीच्या तेलाचा, ओल्या कांबळ्याचा, पितळ घासायच्या पॉलिशचा. वर्दी बाहेर काढतो आणि गच्चीवर दोरीला लावतो. दिवसभर ऊन खाऊ देतो. वारा आला की बाही फुगते, आणि खालून जाणारं कुणीतरी ओरडतं, “काय नाना, परत भरती का?” मी हात हलवतो. काय ओरडला ते मला ऐकू आलेलं नसतं. पण दरवर्षी हेच ओरडतात, म्हणून माहीत आहे.

माझा डावा कान तोफेने नेला. तोफखान्यात होतो. तोफेजवळ आयुष्य काढलं की ती काहीतरी ठेवून घेतेच. कुणाचं बोट घेते, कुणाची झोप घेते. माझा कान घेतला. उजवा अर्धामुर्धा चालतो. मुलीने पुण्याहून कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते लावलं की माणसांपेक्षा भांड्यांचाच आवाज मोठा येतो, म्हणून ते डबीत असतं. हट्टी म्हणतात मला. म्हणोत.

सगळं गाव माझ्याशी ओरडून बोलतं. दूधवाला ओरडतो, बँकेतली पोरगी ओरडते, जावई तर असा ओरडतो की शेजाऱ्यांना वाटावं सासऱ्या-जावयाची जुंपली. एकच माणूस माझ्याशी कधी ओरडून बोललं नाही. माझी बायको, शकू. उलट मला ऐकू आलं नाही की ती आवाज आणखी खाली घ्यायची. मग मला उजवा कान पुढे करून तिच्याकडे कलावं लागायचं. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. म्हणायचो, “मोठ्यानं बोल की जरा.”

ती म्हणायची, “मी काय तोफ आहे?”

शकू नांदगावची. तिच्या वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. लहानपणी दुकानात बसून तिने रंग असे पाठ केले होते जसे शाळेतली पोरं पाढे पाठ करतात. मला फौजेने एकच हिरवा शिकवला. तिच्यापाशी हिरव्यांची रांग होती. चुड्याचा हिरवा, पोपटी, कैरीचा, शेवाळाचा, मेंदी भिजवल्यावरचा आणि मेंदी वाळल्यावरचा. मी सुट्टीवर यायचो तेव्हा ती माझ्या वर्दीकडे बघून म्हणायची, “हा कोणता हिरवा, हे मला अजून कळलेलं नाही. ह्याच्यात थोडी माती आहे.”

मी म्हणायचो, “माती असणारच. लोळतो ना आम्ही तिच्यात.”

मुलीचं लग्न झालं, मी पेन्शनीत आलो, घर मोठं वाटायला लागलं. तेव्हा तिने पाण्याचे रंग धरले. नाशकात हे काही नवल नाही. रविवारी सकाळी गोदाघाटावर जा, पायरीपायरीला कुणीतरी मांडीवर पाटी आणि पाटीवर कागद घेऊन बसलेलं असतं. डॉक्टर असतात, वकील असतात, कॉलेजची पोरं असतात. त्यांच्यात आमची शकू. मी तिचं स्टूल आणि पाण्याचा कॅन उचलून न्यायचो आणि ती चित्र काढत असली की मागे उभा राहायचो. गर्दी जमली की हटवायचो. एकदा ती वळून म्हणाली, “अहो, लोकांना बघू द्या. हे काय दारूगोळ्याचं कोठार नाही.”

पाण्याचे रंग थंडीतच लावावेत, असं तिचं म्हणणं होतं. उन्हाळ्यात कुंचला कागदाच्या या टोकाकडून त्या टोकाला जाईस्तोवर मागचा रंग वाळून जातो आणि मध्ये डाग पडतो. पावसाळ्यात तो वाळतच नाही, नुसता रडत राहतो. “थंडीत रंगाला घाई नसते,” ती म्हणायची. “एक रंग दुसऱ्याला भेटतो, जरा थांबतो, मग दोघं मिळून सुकतात.” तिला रंगांबद्दल असं बोलायची सवय होती, शेजारच्या नवराबायकोबद्दल बोलावं तसं.

आता हे चित्राचं प्रकरण.

आमचं गाव देवळाली कॅम्पच्या पलीकडे, दारणा नदीच्या अंगाला. मारुतीच्या देवळामागे माजी सैनिकांची एक खोली आहे. त्या खोलीची भिंत म्हणजे आमच्या गावाची छाती. गावातून फौजेत गेलेला प्रत्येक जण पेन्शनीत आला की आपलं वर्दीतलं चित्र त्या भिंतीवर लावतो. सव्वीस जानेवारीला झेंडा फडकला, जिलेबी वाटली, की मग खिळा ठोकायचा. मोठा हुद्दा आधी, छोटा नंतर. सगळे समोर बघणारे, हनुवटी उचललेली, मान ताठ. गावात पोरगी द्यायला आलेले पाहुणेसुद्धा आधी ती भिंत बघतात.

बाकीच्यांनी कॅम्पातल्या फोटोवाल्याकडून फोटो मोठे करून लावले होते. मी सगळ्यांच्या देखत सांगितलं, “माझा फोटो लागणार नाही. माझं चित्र लागणार. हाताने काढलेलं. आणि काढणार माझी बायको.” खोलीत बसलेले सगळे भिंतीकडे बघायला लागले. एकाचीही बायको चित्र काढत नव्हती. त्या दिवशी मी घरी आलो तो चालत नाही, परेड करत आलो.

शकूला सांगितलं तर ती म्हणाली, “मला विचारलंत?”

“आता विचारतो.”

“आता काय विचारता, खिळासुद्धा ठोकून आला असाल.”

पण डोळे हसत होते. त्या हिवाळ्यात ती नुसती माझ्याकडे बघत राहायची. जेवताना बघायची, चपलेचा अंगठा शिवताना बघायची. इतकी वर्षं संसार करून तिने मला कधी इतकं बघितलं नव्हतं. मला लाज वाटायची. म्हणायचो, “काय आहे?” ती म्हणायची, “नाक मोजतेय.”

मग एका सकाळी गच्चीवर बैठक झाली. मी वर्दी चढवली. बेरे टोपी, पितळी बिल्ला, छातीवर पदकं, बाहीवर तीन फिती. पोटाशी बटण लागेना. शकू म्हणाली, “श्वास आत घ्या.” मी म्हणालो, “सावधान म्हण, आपोआप जातं.” ती म्हणाली, “सावधान!” आणि बटण लागलं. शेजारची सून कपडे वाळत घालत होती, ती पदर तोंडाला लावून खाली पळाली.

मी स्टुलावर बसलो. पहारा दिलेल्या माणसाला न हलता बसायला काय लागतं? माशी नाकावर बसली तरी मी पापणी हलवली नाही. मला वाटलं, हिला असा मॉडेल गोदाघाटावर जन्मात मिळायचा नाही. आणि ही बाई पेन्सिल हातात घेऊन नुसती बसलेली. बराच वेळ झाला. शेवटी म्हणाली, “अहो, तुम्ही कुठं गेलात?”

“इथंच तर आहे.”

“नाही. इथं कुणी भलताच माणूस बसलाय. ह्याला मी कधी चहा दिलेला नाही.”

मला राग आला. मी म्हणालो, “वर्दीतला माणूस असाच असतो.”

“असेल. पण मला तो काढता येत नाही. माझी त्याची ओळख नाही.”

तो दिवस फुकट गेला. दुसरा दिवसही. वर्दी अंगात गेली की माझं तोंड बंद व्हायचं, दगड व्हायचं. ते मी मुद्दाम करत नव्हतो. भरतीच्या पहिल्या वर्षी उस्तादाने शिव्या घालून घालून ते तोंड माझ्यावर चढवलं होतं, आणि वर्दीबरोबर ते चढायचं, वर्दीबरोबर उतरायचं. शकूने ते तोंड खरं तर कधी पाहिलंच नव्हतं. घरी यायचो तेव्हा दारातच टोपी काढायचो.

तिसऱ्या दिवशी तिने आपलं स्टूल माझ्या समोरून उचललं आणि उजव्या अंगाला आणून ठेवलं. म्हणाली, ऊन डोळ्यावर येतंय. आणि काढता काढता बोलायला लागली. हळू. कांद्याचं बोलली असेल, मुलीचं बोलली असेल, नांदगावच्या बाजारातलं काही. तिचं बोलणं ऐकायचं तर मला कान लावावा लागत होता. पेन्सिल चालू झाली. मी मध्येच विचारायचो, “मान सरळ आहे ना?”

ती म्हणायची, “आहे तशीच आहे.”

त्या सकाळी आठवल्या की मला आधी पाण्याचा पेला आठवतो. काचेचा, चहाचा, टवका उडालेला. त्यात ती कुंचला धुवायची. रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की पेल्यातल्या पाण्यावर गोल गोल वर्तुळं उठायची. मला तोफ ऐकू यायच्या आधी पेल्यात दिसायची. मी म्हणायचो, “आता उडाली.” ती कुंचला वर धरून थांबायची. कागदावर थेंब नको पडायला. पाणी निवलं की पुन्हा टेकवायची. जन्मभर मी ज्या आवाजाच्या अंगाशी राहिलो, तो आवाज माझ्या बायकोच्या पेल्यात एवढाएवढासा होऊन येत होता. मला त्याची गंमत वाटायची. आता त्या पेल्याची वाटते.

वर्दीचा हिरवा जमायला तिला फार दिवस लागले. डबीतला तयार हिरवा ती वापरायचीच नाही, कच्चा दिसतो म्हणायची. निळ्यात पिवळा घालायची, मग पिवळ्यात गेरू. कागदाच्या तुकड्यांवर पट्टे ओढून ते माझ्या बाहीला लावून बघायची. गच्चीवर सगळीकडे हिरवे तुकडे, वर विटकरीचे खडे ठेवलेले. एके दिवशी एक तुकडा बाहीवर ठेवला तर तो दिसेनाच. बाहीत गेला. ती टाळ्या वाजवत उठली. “सापडला! माती निघाली ह्याच्यात, म्हटलं नव्हतं?” त्या दिवशी तिने गुळाचा शिरा केला.

आणि पांढरा रंग तर तिच्याकडे नव्हताच. मी ट्रकवर नाव लिहिणारे पेंटर पाहिलेले. ते सगळं रंगवून झालं की शेवटी पांढऱ्याने चमक मारतात. शकू म्हणाली, पाण्याच्या रंगात तसं नसतं. पांढरं हवं असेल तिथं कागद आधीच राखायचा. रंगाला तिथं जाऊ द्यायचं नाही. बिल्ल्यावरची चमक, पदकांच्या कडा, डोळ्यातला ठिपका, हे सगळं राखलेलं. मिशीसुद्धा. मी बघितलं तर नाकाखाली कोरा कागद.

“माझी मिशी काढलीच नाहीस?”

“काढली कशी नाही? राखलीय.”

“अगं, तिच्यात काळे केस आहेत अजून.”

“कुठं आहेत ते दाखवा, मग रंगवते.”

मी आरशापाशी गेलो आणि गुपचूप परत आलो.

चेहरा तिने शेवटी केला. मला बघू दिला नाही. मी चहा पिऊन आलो की कागदावर फडकं टाकलेलं. रोज विचारायचो, झालं का. रोज म्हणायची, ओलं आहे. थंडी कडक होती, निफाडकडे तर द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवत होते, आणि रंग खरोखरच लवकर वाळत नव्हता. सव्वीस जानेवारी जवळ आली. खोलीतला खिळासुद्धा ठरला होता. माझ्या बांधाशेजारच्या सुभेदार तात्यांच्या फोटोच्या लगेच पुढचा.

आदल्या दिवशी तिने फडकं उचललं.

वर्दी अशी की हात लावला तर कापड लागेल. फिती बरोबर, बिल्ल्यावरची तोफ बरोबर, पदकांचा क्रम बरोबर. आणि मान कललेली. उजव्या खांद्याकडे, जराशी, पण कललेली. ओठ किंचित उघडे. डोळे समोर नाहीत, बाजूला कुठेतरी, आणि त्यात हसू येऊ का नको असं काहीतरी.

मी म्हणालो, “हे काय?”

“तुम्ही.”

“वर्दीत मान वाकडी? त्या भिंतीवर एकाची तरी आहे का अशी? लोक म्हणतील हवालदार डुलक्या काढतोय.”

“डुलक्या कुठं? ऐकताय तुम्ही.”

“कुणाचं?”

ती उठली. पेल्यातलं पाणी तुळशीला घालून आली.

मी म्हणालो, मान सरळ कर. ती म्हणाली, होत नाही. पाण्याच्या रंगावर बोळा फिरवला की चिखल होतो. मी म्हणालो, मग दुसरं काढ. ती म्हणाली, पुढच्या थंडीत काढेन, सरळ मानेचं, तुमच्या त्या उस्तादाला आवडेल असं. आता रंगाचे दिवस संपत आले.

पण मी ऐकणाऱ्यातला नव्हे. चित्र कागदात गुंडाळलं आणि जुन्या नाशकात सलीमभाईंच्या दुकानात गेलो. सलीमभाई म्हणजे फ्रेमवाले. तीन पिढ्या काच कापण्यात गेल्या. मी म्हणालो, “सलीमभाई, चित्र फ्रेममध्ये जरा तिरपं बसवा. म्हणजे मान सरळ दिसेल.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, चौकट ठेवली आणि चित्र हळूहळू फिरवायला लागले. मान सरळ झाली. पण खांदे उतरले, पदकं एका बाजूला लोंबायला लागली, आणि मी स्टुलासकट पडतोय असं दिसायला लागलं.

सलीमभाई म्हणाले, “हवालदारसाब, मान सीधी केली का माणूस पडतो. सांगा, दोघातलं काय पाहिजे?”

“आहे तसं बसवा,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

“भाभींनी काढलं?”

“हो.”

“दिसतंय,” ते म्हणाले आणि काच पुसायला लागले. काय दिसतंय ते मी विचारलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाला, जिलेबी झाली. मी सांगितलं, चित्र पुढच्या वर्षी. सगळ्यांच्या देखत बढाई मारलेली, आता सगळ्यांच्या देखत गिळली. घरी आलो तर शकूने फ्रेम स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावली होती. म्हणाली, “तुमच्या खोलीला नको तर नको. मला भाकरी थापताना बघायला होईल.”

पुढच्या थंडीआधीच, भाद्रपदात ती गेली. आजारपण लांबलं नाही. शेवटी शेवटी तिचा आवाज इतका खाली गेला होता की मी कान तिच्या तोंडाशी नेऊन बसायचो.

तेव्हापासून किती थंड्या आल्या. फौजेत असताना वर बर्फाच्या चौकीवर मला नाशिकची थंडी आठवायची. तिथली थंडी माणसाला चावते. मी सोबत्यांना सांगायचो, आमच्याकडची थंडी अशी नाही, आमच्याकडे थंडीत बोरं असतात, हरभऱ्याचा सोलाणा असतो, सकाळच्या उन्हात पाठ शेकत बसता येतं. आता सगळं आहे. बोरंवाली बाई टोपली घेऊन दारात येते. ऊन त्याच जागी पडतं, टाकीच्या कडेला, जिथं स्टूल असायचं. मी पाठ शेकत बसतो. उजवी बाजू रिकामी ठेवतो. मुद्दाम नाही. बसलं की तसंच बसायला होतं.

यंदा बाळू आला. बाळू गांगुर्डे, माजी नायक, आमच्या संघटनेचा सेक्रेटरी. नाशिकरोडला त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे बोर्ड छापतो, त्यात वाघ, सिंह, ढग सगळं घालून देतो. मागच्या महिन्यात चहाला आला होता तेव्हा त्याने मोबाईलवर चित्राचा फोटो काढला. मी म्हटलं काढत असेल. परवा नळकांडं घेऊन हजर. दारातूनच ओरडला, “नाना, तुमचं काम केलं! भिंतीवर तुमचीच जागा तेवढी मोकळी राहिलीय, लय वाईट दिसतं. बघा आता.”

त्याने छापलेला कागद पलंगावर उलगडला. तीच वर्दी. तोच हिरवा, बराचसा. तोच बिल्ला, तीच राखलेली मिशी. आणि मान सरळ. अगदी दोरी लावून बघावी अशी. डोळे समोर, ओठ मिटलेले.

“कॉम्प्युटरवर केलं,” बाळू ओरडला. “पाच मिनिटांचं काम. नाना, तुमी किती वर्षं अडून बसलेले.”

मी चष्मा लावला. जन्मभर मला हेच हवं होतं. अगदी हेच. भिंतीवर तात्या सुभेदाराच्या शेजारी हा माणूस शोभला असता. उस्तादाने पाठ थोपटली असती. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि मला वाटायला लागलं, ह्याला कुठंतरी पाहिलंय. मग आठवलं. गच्चीवर पहिल्या दिवशी स्टुलावर येऊन बसलेला तो हाच. शकू ज्याला ओळखत नव्हती तो.

मी विचारलं, “बाळू, हा कुणाचं ऐकतोय?”

“आं?”

“हा माणूस. कुणाचं ऐकतोय हा?”

“नाना, सावधानमधला माणूस कुणाचं ऐकणार? ऑर्डरचं.”

“ऑर्डर ऐकणारे त्या भिंतीवर पुष्कळ आहेत.”

बाळूला काही कळेना. तो उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि मूळ चित्र बघत उभा राहिला. मग नेहमीपेक्षा बऱ्याच खालच्या आवाजात काहीतरी म्हणाला. मी म्हणालो, “काय?”

“म्हटलं, मग हेच लावू. वाकडी तर वाकडी. कोण काय म्हणतंय बघू!”

“तिथं कुठं? तात्याच्या शेजारी? माझा कान नेमका त्याच्याकडे येतो. सगळ्या गावाला दिसेल की मी तात्याचं ऐकतोय. बांधाच्या भांडणात मी त्याचं जिवंतपणी ऐकलं नाही, आता तो मेल्यावर ऐकू?”

बाळू हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले. म्हणाला, “मग खिळ्याचं काय करू?”

“राहू दे.”

“रिकामा?”

“राहू दे म्हटलं ना.”

त्याने कागद गुंडाळला. जाताना दारात थांबून पुन्हा ओरडला, “नाना, लय हट्टी तुमी.” हे मात्र मला चांगलं ऐकू आलं.

तो खिळा रिकामा असणं मला लागत नाही असं नाही. लागतं. गावातून फौजेत गेलेल्यांत माझं नाव आहे आणि भिंतीवर मी नाही. उद्या नातवंडं विचारतील. सव्वीस जानेवारीला मी झेंड्याला सलाम करीन, जिलेबी खाईन आणि त्या खोलीत न जाता घरी येईन. पण दाराशेजारची ही फ्रेम इथून हलवली तर त्या उजव्या कानाच्या बाजूला काय येईल? इथं स्वयंपाकघराचं दार येतं. तिथून तवा दिसतो, ओटा दिसतो, आणि ओट्यावरच्या फळीवर तो टवका उडालेला पेला.

आज सकाळी रेंजवर तोफा सुरू झाल्या. मी पेला खाली काढला, पाणी भरलं आणि खिडकीत ठेवला. वर्तुळं उठायला लागली. फ्रेमची काच थरथरली असेल. मी चित्रासमोर उभा राहिलो. चित्रातला हवालदार काहीतरी ऐकतो आहे, अर्धं ऐकून झालंय, अर्धं राहिलंय, आणि जे ऐकतोय त्याने त्याला हसू येणार आहे. ती तेव्हा काय सांगत होती, हे मी किती वर्षं आठवतोय. आठवत नाही. कांद्याचं असेल. शेजारच्या सुनेचं असेल. इतकं साधं असेल की माणूस ते लक्षात ठेवत नाही. तो मात्र तिथं काचेमागे उभं आयुष्य तेच ऐकत बसणार. मला त्याचा हेवा वाटतो.

मान वाकडी आहे. वर्दीत मान सरळच पाहिजे, हे मी तेव्हा म्हणालो, आजही म्हणतो. पण ती सरळ व्हायची तर शकूला मोठ्यानं बोलावं लागेल. आणि ती काही मोठ्यानं बोलायची नाही.